घंटा वाजली की

मार्लिसने आईचे एप्रन पुन्हा एकदा घडी केले आणि टेबलावरच्या पितळी घंटेवर अशा बेताने ठेवले की तिची लाकडी मूठसुद्धा दिसू नये. शेजारी जेलीचे साचे होते, लोकरीचे गुंडे होते, जुनी इस्त्री होती आणि आईची निळी हॅट होती. हॅटकडे बघायचंच नाही, असं तिने सकाळी उठल्या उठल्या ठरवलं होतं.

"अगं बये, असं झाकून ठेवलंस तर घेणार कोण?" व्हर्नाआत्या मागून आली. बाबांची ही थोरली बहीण आदल्या दिवशी बसने आली होती आणि आल्या आल्या बाह्या सरसावून कामाला लागली होती. "खाली काय आहे ते लोकांना स्वप्नात दिसणार आहे का? ते एप्रन दोरीवर लाव. चिमटे डब्यात आहेत बघ."

"आत्या, घंटा विकायची नाहीये."

"मला नको सांगूस. तुझ्या बापानेच खुंटीवरून काढून माझ्या हातात दिली. जा, त्याला विचार."

बाबा गॅरेजमध्ये होते. आईच्या वस्तू विकायला अंगणात टेबलं मांडायला सुरुवात झाली तेव्हापासून ते गवत कापायचं यंत्र उघडून बसले होते. त्या यंत्राला काहीही झालेलं नव्हतं.

"बाबा, घंटा टेबलावर आहे."

"माहितेय मला."

"डेलने ऐकली म्हणजे?" तिला धाकट्या भावाची काळजी होती.

बाबांनी एक नट घट्ट केला, मग तोच पुन्हा सैल केला. "वाजवणार कोण आहे, मार्लिस?"

हे मात्र खरं होतं. सीडर स्ट्रीटवर त्या घंटेला हात लावायची कोणाची छाती नव्हती. मार्चमध्ये आई गेली, तेव्हापासून ती मागच्या दाराशी खुंटीवर टांगलेली होती. गिरणीत कामाला जाता-येता तिला धक्का लागू नये म्हणून बाबा दारातून अंग चोरून जात. आता निदान ते सरळ आत-बाहेर करू शकतील, असं मार्लिसने स्वतःला समजावलं आणि ती अंगणात परत आली.

त्या रस्त्यावर मुलं घड्याळ बघत नसत. बघायची गरजच पडत नसे. संध्याकाळी जेवणाची वेळ झाली की एकेका घरातून बोलावणं येई, आणि प्रत्येक घराची तऱ्हा निराळी. पावलाक काकू पायरीवर उभ्या राहून आपल्या सगळ्या पोरांची नावं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत एका दमात घेत, आणि सगळ्यात शेवटी कुत्र्याचं. श्ट्रोबेल काकू दोन बोटं तोंडात घालून शीळ घालत. त्या शिळेने नदीपलीकडच्या कागद गिरणीतल्या कामगारांची सुट्टी होते, अशी त्यांच्या नवऱ्याची थाप होती. व्हॅन हँडल आजोबा नातवंडांसाठी ट्रकचा हॉर्न दाबत. आणि हॅलबर्गांचं घर म्हणजे घंटा. डबा ऐसपैस कितीही रंगात आलेला असो, ज्याचं बोलावणं आलं त्याने निघायचं. ज्याच्यावर राज्य असेल तोही राज्य टाकून पळायचा, आणि त्याला कोणी रडका म्हणायचं नाही. हल्लीच्या काळात संध्याकाळी त्याच रस्त्याने गेलं तर खिडक्यांतल्या एसीची घरघर तेवढी ऐकू येते. पोरं कुठे आहेत ते आयांच्या हातातल्या फोनला ठाऊक असतं, आणि रस्त्यावर तर ती नसतातच.

आईची घंटा शाळेची होती. लग्नाआधी ती गावाबाहेरच्या एका खोलीच्या शाळेत शिकवायची. पुढे ती शाळा बंद झाली तेव्हा घंटा तिला मिळाली. मास्तरणीचा खाक्या मात्र गेला नाही. तीन ठोके घाईघाईने, मग जरा थांबून एक, आणि तो वाजला रे वाजला की दुसऱ्या हाताने ती घंटेचं तोंड धरायची. आवाज मध्येच तुटायचा. एकदा सांगितलं ते सांगितलं, असा त्याचा अर्थ सगळ्या रस्त्याला कळायचा. मग डेलने हात धुवायचे, बाबांनी बूट काढायचे आणि मार्लिसने टेबलावर ताटल्या मांडायच्या. हे कोणी कोणाला सांगत नसे.

डेल सहा वर्षांचा होता. वर्षापूर्वी एकदा पावलाकांची पोरं घरी निघाली तेव्हा हा पठ्ठ्या त्यांच्या रांगेत शिरून त्यांच्याकडे जेवायला बसला होता. इतक्या गर्दीत एक तोंड जास्त आहे हे पावलाक काकूंच्या लक्षातही आलं नाही. इकडे आई नदीकाठ पालथा घालत होती. सापडल्यावर तिने त्याला मारलं नाही, खांद्यांना धरून समोर उभं केलं. "दुसऱ्यांच्या हाकेला उठायचं नाही. आपली घंटा वाजेपर्यंत जागचं हलायचं नाही. कळलं?" डेलला ते कळलं होतं, आणि नको इतकं पक्कं कळलं होतं.

आई गेल्यावर तो रोज संध्याकाळी बसून राहू लागला. एकेक करत सगळी पोरं जात. डबा रस्त्याच्या मधोमध पडलेला असे आणि फुटपाथच्या काठावर डेल, गुडघे जवळ घेऊन. मग मार्लिस त्याला आणायला जाई.

"बिचाऱ्याला अजून कळलेलंच नाही," पावलाक काकू म्हणत. दफनाच्या दिवशी डेलला त्यांच्याकडेच ठेवलं होतं. दिवसभर त्याच्या हातात एकापाठोपाठ एक बिस्किटं दिली होती आणि कोणी काही बोललं की डोळ्यांनी दटावलं होतं. मोठी माणसं पोरांपासून मरण लपवून ठेवतात आणि मग त्यांना ते कळत नाही म्हणून हळहळतात.

मार्लिसने मात्र त्याला सांगितलं होतं. एकदा नाही, जवळजवळ रोज. "आई गेली, डेल. आता घंटा वाजणार नाही. कळलं?" डेल म्हणायचा, "कळलं." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तिथेच. अकरा वर्षांच्या मार्लिसला तेवढ्या दिवसांत आईसारखं कमरेवर हात ठेवून बोलायची सवय लागली. चर्चमधल्या बायका तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणत, पोरगी किती समजूतदार आहे, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. तिला ते आवडायचं. रस्त्यावर खेळायला जाणं तिने सोडलं होतं. तिला धास्ती एकाच गोष्टीची होती. कधीतरी कोणीतरी ती घंटा वाजवेल, डेल धावत येईल, खोली न् खोली शोधेल, आणि मग त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. तेवढं आपल्याच्याने होणार नाही, हे तिला मनातून माहीत होतं.

दहा वाजेपर्यंत अंगणात बरीच माणसं जमली. रस्त्यावरच्या बायका येत, टेबलाशी घुटमळत आणि काही न घेता व्हर्नाआत्याशी हवापाण्याचं बोलून जात. आईच्या हॅटला कोणी हात लावला नाही. आत्या वैतागली.

"लोक काय म्युझियम बघायला आल्यासारखे येतायत," ती पुटपुटली. "अगं मार्लिस, एप्रन! केव्हाची सांगतेय मी."

मार्लिस दोरीशी गेली. दोन चिमटे दातांत धरून, हात उंच करून ती पिवळा एप्रन लावत होती. तेवढ्यात रस्त्याच्या कडेला एक ट्रक थांबला. मागच्या बाजूला गवताचे भारे होते. एक ठेंगणी, उन्हाने रापलेली बाई उतरली. ती या रस्त्यावरची नव्हती, गावातलीही नव्हती. तिने इस्त्री उचलून बघितली, एक साचा बघितला, आणि मग तिची नजर घंटेवर गेली.

"अरे वा, ही बरी आहे की!" ती आत्याला म्हणाली. "आमची माणसं शेताच्या पार त्या टोकाला असतात. जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसतो बघा."

मार्लिसचे दोन्ही हात वर होते आणि तोंडात चिमटे होते. ती नुसती घशातून काहीतरी म्हणाली.

बाईने घंटा हलवली.

चांगली जोरात हलवली. शेतावर पोचायला हवी, तशीच वाजवून बघायला नको का? तिचं काय चुकलं? आवाज अंगणातून रस्त्यावर गेला, पावलाकांच्या घरावरून गेला, आणि बराच वेळ घणघणत राहिला. रस्त्याच्या टोकाला पोरांचा खेळ चालला होता, तो थांबला. लाथेने उडालेला डबा गडगडत गेला, तो उचलायला कोणी धावलं नाही. पावलाक काकू हातात अर्धवट सोललेला बटाटा घेऊन पायरीवर आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

मार्लिस स्वयंपाकघरात होती. तिथे कधी आली, ते तिला सांगता आलं नसतं. तिने कपाट उघडून ताटल्या काढल्या आणि टेबलावर मांडल्या. काटे डावीकडे, सुऱ्या उजवीकडे. मागच्या पायऱ्यांवर पावलं वाजली, जाळीचं दार आपटलं आणि डेल आत आला. त्याला धाप लागली होती. वाटेत कुठेतरी पडला असावा, एक गुडघा खरचटला होता.

तो खोल्यांमध्ये शोधायला गेला नाही. त्याने जिन्याकडेसुद्धा बघितलं नाही. स्टूल ओढून तो बेसिनपाशी चढला, साबण घेतला आणि कोपरांपर्यंत हात धुवायला लागला. आई धुवायला लावायची तसे, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा.

"डेल," मार्लिस म्हणाली. "डेल, ती आई नव्हती रे."

"हो." त्याने नळ बंद केला. "आई शेवटचा ठोका हाताने धरते. ही केवढा वेळ वाजत होती."

"मग धावत कशाला आलास?"

"घंटा वाजली ना," डेल म्हणाला. एवढी साधी गोष्ट हिला कशी कळत नाही, अशा नजरेने त्याने तिच्याकडे बघितलं.

"म्हणजे... तुला माहीत होतं?"

"तूच तर सांगतेस रोज."

"मग रोज तिथे बसून का राहतोस? मला किती..."

डेलने ओले हात हाफपँटला पुसले. "सगळ्यांना कोणीतरी बोलावतं," तो म्हणाला. "मला पण कोणीतरी बोलवायला पाहिजे ना. तू येतेस ना मग."

तो स्टुलावरून उतरला आणि टेबलाकडे बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला.

"मार्लिस," तो हळूच म्हणाला. "तू चार मांडल्यास."

मार्लिसने बघितलं. शेगडीजवळच्या खुर्चीपुढे ताटली होती, डावीकडे काटा, उजवीकडे सुरी. नुसती ताटलीच नाही, बशीत पालथा घातलेला कॉफीचा कपसुद्धा होता. कप पालथा फक्त आईलाच लागायचा, धूळ बसते म्हणून. तो कप कपाटाच्या वरच्या फळीवर अगदी मागे असायचा. तो तिथून कधी काढला, त्यासाठी आपण टाचा कधी उंच केल्या, यातलं तिला काहीही आठवत नव्हतं.

डेलने दोन्ही हातांनी ती ताटली उचलली. स्टूल कपाटापाशी नेलं, वर चढला आणि ताटली बाकीच्यांवर ठेवली. मग कप-बशी ठेवली. मग परत येऊन काटा-सुरी घेतली आणि खणात टाकली. घरात कोणी आजारी झोपलेलं असावं तसं सगळं त्याने आवाज न करता केलं. मार्लिस खुर्चीची पाठ धरून उभी होती. त्याला मदत करायला तिचे हात उठले नाहीत.

जाळीच्या दारात बाबा उभे होते. त्यांनी हात पुसलेले होते. बूट काढून ते नुसत्या मोज्यांवर होते. त्यांनी स्टुलावर चढलेल्या डेलला बघितलं, टेबलाकडे बघितलं. आत मात्र ते आले नाहीत.

त्यांच्या मागून आत्याचा आवाज आला. तिचा नेहमीचा तोरा उतरला होता. "हार्लन, त्या बाई फार ओशाळल्यात रे. घंटा परत ठेवते म्हणतात. मला तरी कुठे माहीत होतं..."

"नेऊ दे त्यांना," बाबा म्हणाले.

"अरे पण—"

"पैसे घेऊ नकोस. माणसांना जेवायला बोलवायला हवी आहे ना? मग नेऊ दे."

आणि ते मोज्यांवरच वळले आणि खडी टाकलेल्या वाटेने गॅरेजकडे चालत गेले. खडी पायाला बोचते हे त्यांच्या गावी नसावं.

दुपारी टेबलं मोडली. उरलेल्या वस्तू आत्याने चर्चला द्यायच्या खोक्यांत भरल्या, एप्रन मात्र कोणाला न विचारता मार्लिसच्या उशीपाशी ठेवून दिले. चार वाजता मार्लिस घरातून निघाली आणि रस्त्याच्या टोकाशी जाऊन उभी राहिली.

"मला घेता खेळायला?" तिने विचारलं.

पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. मग थोरला पावलाक म्हणाला, "घेऊ, पण पहिलं राज्य तुझं," आणि त्याने डबा आणून रस्त्याच्या मधोमध ठेवला. मार्लिस खेळली. डोळे मिटून आकडे म्हटले, झुडपांमागे शोधलं, पकडलेल्यांना सोडवायला कोणीतरी येऊन डबा उडवला, पुन्हा राज्य घेतलं. गिरणीकडून वारा आला आणि उकडलेल्या कोबीसारखा तो नेहमीचा वास सगळ्या रस्त्यावर पसरला. सावल्या लांबल्या.

मग श्ट्रोबेल काकूंची शीळ आली. दोघे गेले. ट्रकचा हॉर्न वाजला, व्हॅन हँडल आजोबांची नातवंडं गेली. पावलाक काकू पायरीवर आल्या. त्या दिवशी त्यांनी नावं एका दमात घेतली नाहीत, मध्ये मध्ये थांबत, जरा हळू आवाजात घेतली. पोरं गेली, कुत्रा गेला. डेलसुद्धा खेळता खेळता कधीतरी उठून घरी गेला होता, कोणी न बोलावता.

रस्त्यावर डबा उरला होता. मार्लिस त्याच्याजवळ फुटपाथच्या काठावर बसली आणि तिने गुडघे जवळ घेतले. घरी आत्याने बटाटे उकडायला ठेवले होते. जाऊन ताटल्या मांडायला हव्या होत्या. तीन, आणि आत्याची चौथी. म्हणजे आज चारच मांडायच्या होत्या, आणि तरी ते चार नव्हते. ती उठली नाही. कान घराकडे लावून बसून राहिली. आपण काय ऐकायला बसलो आहोत हे तिला नीट कळत होतं. घंटा ट्रकमध्ये बसून केव्हाच दुसऱ्याच्या शेतावर गेली होती, हेही माहीत होतं.

थोड्या वेळाने पावलं वाजली. डेल होता. त्याने तोंड धुतलं होतं, केस पाण्याने चापून बसवले होते आणि हात कोपरांपर्यंत ओले होते. तो तिच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"चल, मार्लिस. जेवायला बोलावलंय."

तिचा कान अजून घराकडेच होता.

"ती आता वाजणार नाही," डेल म्हणाला. तिचीच वाक्यं, तिच्याच सुरात, पण फार हळू. "कळलं?"

"कळलं," मार्लिस म्हणाली.

आणि तिला रडू फुटलं. आईला मातीत ठेवलं त्या दिवशी फुटायला हवं होतं तसं, तोंड गुडघ्यांत खुपसून, रस्त्यावर कोण बघतंय याची पर्वा न करता. पावलाक काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी कोणीतरी आतून हलकेच लावून घेतली.

डेल जरा वेळ तसाच उभा राहिला. त्याने एकदा घराकडे बघितलं. मग ओले हात हाफपँटला पुसून तो तिच्या शेजारी काठावर बसला.